सरांचे राव आणि मेळाव्यातले वडे

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी असतो, नौपाड्यात शाळेच्याच हॉलमध्ये, आणि कार्यक्रम दरवर्षी अगदी तोच. प्रार्थना, जे गेले त्यांना श्रद्धांजली, सेक्रेटरींचं न संपणारं भाषण, कोणाच्या मुलाला नव्वदच्या वर मिळाले त्याचा सत्कार, मग गणिताचे सर आणि मग वडे. पत्रिकेवर सरांपुढे नुसतं ‘मनोगत’ छापलेलं असायचं पण मनोगत वगैरे काही नाही, सगळ्यांना माहीत होतं की थोर संख्याशास्त्रज्ञ सी. आर. रावांच्या गोष्टीचा पुढचा भाग आहे.

सर स्टॅटिस्टिक्सचे एमएस्सी, आम्हाला मात्र नववीला बीजगणित शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे रिटायर झाल्यावर माईक हातात आला की थांबायचेच नाहीत. ‘मागच्या वेळी कुठे होतो आपण?’ असं विचारायचे आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडायचं, ‘कलकत्त्याला!’

रावांचा जन्म 10 सप्टेंबर 1920, गाव हडगली, आता कर्नाटकात आहे, घर तेलुगू. भावंडांत आठवे म्हणून कृष्णाच्या हिशेबाने राधाकृष्ण नाव ठेवलं. आई पहाटे चारला उठवून तेलाचा दिवा लावून अभ्यासाला बसवायची. हा भाग झाला त्या वर्षी हॉलमधल्या समस्त आयांनी आपापल्या पोरांकडे असं काही वळून पाहिलं की पोरांना राव तिथेच नकोसे झाले.

मग 1941. राव गणितात एमए करून युद्धाच्या काळातल्या लष्करी नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी कलकत्त्याला गेले, नोकरी काही मिळाली नाही, पण उतरले होते तिथे महालनोबिसांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये ट्रेनिंग घेणारा एक जण भेटला आणि हे तिकडे बघायला गेले ते पुढची चाळीसेक वर्षं तिथलेच झाले. सर म्हणायचे, लष्कराने आपल्या देशावर केलेले जे अनेक उपकार आहेत त्यात हा एक धरा.

पण सगळ्यात जास्त वेळा फर्माईश व्हायची ती दांडेकरांच्या भागाची. राव चोविशीत कलकत्ता विद्यापीठात शिकवत होते, इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा एक निष्कर्ष सांगितला, तो नमुना, म्हणजे सगळ्यांऐवजी ज्या थोड्यांवरून अंदाज बांधायचा ते, खूप मोठा असेल तेव्हाचा. वर्गात एका विद्यार्थ्याने विचारलं की नमुना लहान असेल तर काय? राव घरी गेले, रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन वर्गात हजर. तेच पुढे 1945 च्या पेपरात आलं, आज जगभर क्रामेर-राव मर्यादा म्हणून शिकवतात. विचारणारा विद्यार्थी म्हणजे आपल्या साताऱ्याचे वि. म. दांडेकर, पुढे पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि दारिद्र्यावर अर्थतज्ज्ञ नीलकंठ रथांबरोबर गाजलेलं काम केलं तेच. दांडेकरांचं नाव आलं की टाळ्या पडायच्या, रावांना नाही पडायच्या एवढ्या, आणि मला विचाराल तर बरोबरच आहे, आमच्यापैकी कोणी सरांना असला एक प्रश्न विचारला असता तर शाळेचं नाव झालं असतं!

आता वड्यांचं. केटररला सकाळी अकरापर्यंत आकडा लागतो, म्हणून सरांनी दारात उभं राहून दर सातव्या माणसाला ‘किती खाणार?’ विचारायची पद्धत पाडली. वही, पेन्सिल, गळ्यात चष्म्याची दोरी. सरासरी काढायची, आलेल्या माणसांनी गुणायची, झाली ऑर्डर. आणि यातूनच त्यांनी क्रामेर-राव समजावलं: तुमची पद्धत कितीही हुशार असू दे, ती नि:पक्षपाती, म्हणजे सरासरीने ना जास्त ना कमी सांगणारी, असेल तर चूक एका मर्यादेच्या खाली नेता येतच नाही, ती मर्यादा तुमच्या माहितीत किती दम आहे त्यावर ठरते, चूक निम्मी करायची तर चौपट माणसं विचारावी लागतात. आम्हाला कळलं का? वड्यापुरतं कळलं. गंमत म्हणजे पहिल्याच वर्षी वडे कमी पडले. गणित चोख होतं, पण दारात बायको शेजारी उभी असताना प्रत्येक जण ‘एकच’ म्हणाला होता आणि आत गेल्यावर तीन तीन हाणले. लोक खोटं बोलले तर त्याला रावांकडे पण औषध नाही, इति सर. पुढच्या वर्षीपासून नवरा-बायकोला वेगवेगळं गाठून विचारायला लागले.

केंब्रिजचा भाग लहान मुलांना आवडायचा कारण त्यात हाडं होती. 1946 ला राव तिथल्या म्युझियममध्ये सुदानमधल्या जेबेल मोया इथे सापडलेल्या सांगाड्यांच्या मोजमापांवर काम करायला गेले, सोबत फिशरकडे 1948 ला पीएचडी. अमेरिकेची वर्षं, पिट्सबर्ग, पेन स्टेट, हे सर भराभर उरकायचे, त्यांना त्यात रस नव्हता. 2020 ला मेळावा झूमवर झाला, राव शंभर पूर्ण केलेले, सर सुरुवातीला म्यूटवरच बोलत राहिले आणि कोणाला थांबवायचं धाडस झालं नाही.

2023 ला एप्रिलमध्ये रावांना इंटरनॅशनल प्राइझ इन स्टॅटिस्टिक्स जाहीर झालं, मुख्यत: त्याच 1945 च्या पेपरासाठी, म्हणजे 78 वर्षांनी. 22 ऑगस्टला ते गेले, 103 व्या वाढदिवसाला तीन आठवडेही नव्हते. त्या डिसेंबरात सेक्रेटरींनी श्रद्धांजलीच्या यादीत रावांचं नाव वाचलं, शाळेचे माजी विद्यार्थी नसताना, आणि कोणालाच खटकलं नाही.

आता सरांनी पां. वा. सुखात्मे सुरू केलेत, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, लंडनला शिकून पुढे रोमला एफएओत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, स्टॅटिस्टिक्स विभागाचे प्रमुख झाले ते. पण आमच्या बॅचचा एक कोल्हापूरकर तेव्हापासून रुसलाय, त्याचं म्हणणं पहिला मान हुजुरबाजारांचा, कोल्हापूरचा माणूस, पुणे विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सचा विभाग उभा केला, पद्मभूषण. सर म्हणाले सुखात्मे पण पद्मभूषणच आहेत. ग्रुपवर अजून भांडण चालू आहे आणि केटररचा फोन यायला लागलाय.