डिक्कीच्या बिजागरीपाशी तुटलेली तार

आषाढ. दोन दिवसांच्या झडीनंतर आज उघडीप.

पावसाळ्यात रिव्हर्स कॅमेरा बंद पडला की लोक आधी नवा कॅमेरा मागवतात. ही घाई नको. बाहेरच्या दुकानातून बसवून घेतलेल्या कॅमेऱ्यात दोष बहुतेक वेळा तारेत, जोडात नाहीतर अर्थिंगमध्ये निघतो. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. त्यामुळे गावाकडच्या कितीतरी गाड्यांना तो नंतर बसवलेला असतो, आणि किती टिकेल ते बसवणाऱ्याच्या हातावर असतं.

आधी स्क्रीन बघावी. रिव्हर्स टाकून ती बदलतच नसेल तर कॅमेऱ्याला हात लावू नये. मागचा पांढरा दिवाही लागत नसेल तर फ्यूज किंवा गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच तपासावा. दिवा लागतो आणि स्क्रीन तशीच, तर स्टिरिओमागची ट्रिगरची तार, म्हणजे रिव्हर्स पडल्याचा इशारा स्क्रीनला देणारी तार, सुटलेली असते. पिवळ्या पिनेच्या केबलसोबत जी बारीक लाल तार येते, बहुधा तीच. स्क्रीन बदलते पण नुसती काळी किंवा निळी, तेव्हा ट्रिगर ठीक. वीज किंवा चित्र अडलंय.

मोजण्याआधी चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा. इंजिन बंद, चावी ऑन, गिअर रिव्हर्सला. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल सळई कॅमेऱ्याच्या लाल तारेला, काळी सळई बॉडीच्या उघड्या लोखंडाला. १२ च्या आसपास आकडा हवा. ९-१० आला तर जोड कुजलाय. मग कॅमेरा जोडलेला ठेवूनच काळी सळई कॅमेऱ्याच्या काळ्या तारेवर ठेवून पुन्हा मोजावं. आकडा घसरला तर अर्थिंग कच्ची. रंगावरच स्क्रू कसलेला असतो, तिथं पॉलिश पेपरने लोखंड उघडं करून पुन्हा कसावा.

वीज ठीक निघाली तर कॅमेरा काढून घरात आणावा. फवारणी पंपाची बॅटरी १२ व्होल्टची असते, तिच्यावर कॅमेरा चालतो. लाल धनाला, काळी ऋणाला, मध्ये १ अँपियरचा फ्यूज. चित्राची पिन जुन्या टीव्हीच्या पिवळ्या एव्ही खाचेत. चित्र आलं तर कॅमेरा शाबूत, दोष मधल्या केबलमध्ये. एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचा, वेगळ्या सिग्नलचा कॅमेरा मात्र जुन्या टीव्हीवर दिसत नाही, त्याला ही परीक्षा लागू नाही.

मधली केबल म्हणजे खरं पाहता एकच जागा: डिक्कीचं दार आणि बॉडी यांच्यामधली रबरी नळी. दार उघडताना-लावताना तार तिथंच वाकते आणि आतलं तांबं तुटतं, वरचं प्लॅस्टिक मात्र अखंड दिसतं. दार अर्धं उघडल्यावर चित्र येतं आणि लावलं की जातं, तर नळी सरकवून तीच तार ओढून बघावी. रबरासारखी ताणली गेली की सापडली. नुसती पिळून टेप मारू नये. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात टेपचा गोंद सुटतो. काळं पडलेलं तांबं चकचकीत लागेपर्यंत कापावं, मध्ये नवा मऊ, अनेक पदरी तुकडा घालावा, सोल्डरचा डाग द्यावा आणि वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी, नळी चढवावी. जोड दाराच्या रबरी नळीच्या बाहेर, वाकण्याच्या जागेपासून दूर घ्यावेत आणि सगळे एका रेषेत येऊ देऊ नयेत. पिवळ्या केबलची बाहेरची जाळीही जोडावी. ती राहिली तर चित्र थरथरतं.

रात्री. राहिलेलं.

भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवला की सरकीपायी उंदीर येतात आणि गाडी शेजारीच उभी असते. सीटखालची केबल खवल्याच्या प्लॅस्टिक पाइपातून न्यावी.

काचेच्या आत धुकं धरलं असेल तर तो कॅमेरा बदलायचाच. सील गेलं म्हणजे सुकवून चार दिवस चालेल, पुन्हा भरेल. पांदणीतला काळा चिखल प्रेशरच्या फवाऱ्याने जवळून मारून काढतात, त्यानेच सील जातं. ओल्या मऊ फडक्याने पुसावं. नवा घेताना स्टिरिओ एएचडी घेतो का ते आधी विचारावं, नाहीतर कोरा कॅमेराही काळाच दिसेल. डावं-उजवं उलट दिसलं तर कॅमेऱ्याच्या शेपटीवर तारेचा छोटा फास असतो. त्याचा रंग पत्रकात पाहून तो कापावा.

रिव्हर्सला एलईडी बल्ब घातल्यावर चित्रात पट्टे आले तर जुना बल्ब लावून पाहावा. पट्टे गेले तर कॅमेऱ्याची वीज दिव्यावरून न घेता फ्यूज लावून अ‍ॅक्सेसरीच्या तारेवरून घ्यावी, ट्रिगर दिव्यावरच ठेवावा.

काम झाल्यावर एकाने स्क्रीनपुढे बसावं, दुसऱ्याने डिक्की दहा वेळा उघडून लावावी. एकदाही चित्र लुकलुकलं तर नळी परत उघडायची.