मीटर बंद

अमेरिकेत बेघर माजी सैनिकांसाठी ‘हड-व्हॅश’ योजना आहे. घरभाड्याचं व्हाउचर गृहनिर्माण खात्याचं, केस मॅनेजर माजी सैनिक खात्याचा. उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भाडेकरूने भरायचे, वरचं भाडं स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटी घरमालकाला देते. व्हाउचर मिळालं की घर शोधायला सुरुवातीला किमान 120 दिवस. माझ्याकडच्या एका गृहस्थांचा त्या दिवशी 113वा होता.

घर ठरलं होतं, मालक राजी होता. दहा वाजता ऑथॉरिटीचा इन्स्पेक्टर घर तपासायला आला, बटण दाबलं. अंधार. वीज नसेल तर शेगडी, गरम पाणी, प्लग यातलं काहीच तपासता येत नाही. पाच मिनिटांत नापास. आणि घर पास होईपर्यंत ऑथॉरिटी एक डॉलरही देत नाही, म्हणून चावी मालकाच्याच खिशात.

कनेक्शन भाडेकरूच्या नावावर घ्यायचं होतं, आणि त्यांच्या नावावर जुन्या घराचं वीजबिल थकलेलं निघालं. व्हाउचरच्या पैशातून ते फेडता येत नाही. चूक आमचीच. भाडं थकलंय का, हे पहिल्याच भेटीत विचारतो. विजेचं विचारायचं राहून जातं.

ते स्वयंपाकघरात उभे होते, काखेत प्लॅस्टिकची पिशवी, तीत टेप लावून जोडलेला डीडी-214, म्हणजे फौजेतून सुटल्याचा कागद. मला म्हणाले, “बिल मी विसरलो नव्हतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

दुपारपर्यंत तीन कामं झाली. मालकाने महिनाभर मीटर स्वतःच्या नावावर घेतलं. थकबाकी आणि नव्या कनेक्शनच्या अनामतीसाठी एसएसव्हीएफकडे, म्हणजे माजी सैनिक खात्याच्याच दुसऱ्या मदत योजनेकडे, अर्ज गेला. थकलेली बिलं त्या योजनेत बसतात. व्हाउचरच्या मुदतवाढीचं पत्रही दिलं, कारण इथल्या ऑथॉरिटीकडे ते मुदत संपायच्या आत, लेखीच द्यावं लागतं. मुदत उलटल्यावर दिलेल्या पत्राचा उपयोग नाही.

फेरतपासणी 118व्या दिवशी. आदल्या संध्याकाळी फोनचा चार्जर घेऊन एकेक प्लग बघितला. सगळे चालू. पण गरम पाण्याच्या टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हला खाली उतरणारी नळीच नव्हती. दाब वाढून व्हॉल्व्ह उघडला तर उकळतं पाणी समोरच्याच्या अंगावर. इन्स्पेक्टर हे हमखास बघतो. मालकाने रात्रीच हाताएवढा पाइप बसवला, तोंड जमिनीलगत.

सकाळी घर पास झालं. गादी शुक्रवारी येणार होती; ते म्हणाले, चावी आजच द्या.