सतरावा रंग

मागावर १७३ वर्षं विणून झाली होती, दोन उरली होती.

काम साधं दिसणारं होतं. १८५० पासून दर वर्षाला दोन सेंटीमीटरची एक आडवी पट्टी. पृथ्वीच्या सरासरी तापमानाप्रमाणे थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल. मूळ कल्पना रीडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांची. २०१८ मध्ये त्यांनी मांडलेल्या त्या पट्ट्यांवर ना आकडे, ना अक्षरं. आठ निळे आणि आठ लाल, बस. १९७१ ते २००० ची सरासरी मधोमध धरायची आणि बाकीची वर्षं तिच्या अलीकडे-पलीकडे लावायची. ते सोळा रंग मी लोकरीत उतरवले. निळे निळीतून, लाल मंजिष्ठेतून. सगळ्यात गर्द लाल २०१६ आणि २०२० साठी राखला होता. करार २०२२ पर्यंतचाच होता. पण उद्घाटन लांबलं आणि काम देणाऱ्या संस्थेने कळवलं, आता २०२४ पर्यंत आणा.

१० जानेवारी २०२५ ला सकाळी जागतिक हवामान संघटनेचा आकडा आला. १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा २०२४ सुमारे १.५५ अंशांनी गरम. २०२३ चा १.४५ आधीच माझ्या वहीत होता. २०१६ चा होता १.२९. मी रंगांचा तक्ता काढून बसले. दोन्ही वर्षं शेवटच्या लालाच्या पुढे जात होती. माझ्याकडे त्यांना रंगच नव्हता.

मदतीला असलेली मुलगी म्हणाली, "ताई, २०१६ चाच लाल लावू या. लांबून कुणाला फरक कळणार?" तासाभराने संस्थेतून फोन आला, त्यांचंही तेच. वर आणखी, "फार काळपट नको, बघणारे उदास होतील." मुलगी नवीन आहे, तिला समजावता येतं. फोनवरच्या माणसाचा मात्र मला राग आला. २०१६ आणि २०२४ मध्ये पाव अंशाहून जास्त अंतर आहे. ते एका रंगात बुडवायचं तर इतकी वर्षं मोजून विणली कशाला?

दुसरा मार्ग होता मापच बदलण्याचा. २०२४ ला सगळ्यात गर्द लाल द्यायचा आणि मागची वर्षं एकेक पायरी फिकी करायची. त्यात विणलेलं बरंच उसवावं लागलं असतं, पण मी उसवायला भीत नाही. तसं करावं का हे बघायला आम्ही दोघींनी गुंडाळलेलं कापड उलगडलं.

इथे मागाची एक गोष्ट सांगायला हवी. विणेल तसं कापड पुढच्या दांड्यावर गुंडाळलं जातं आणि विणणाऱ्यासमोर हातभरच राहतं. माझ्या हिशेबात हातभर म्हणजे वीस-बावीस वर्षं. कित्येक दिवस मी नुसता लाल बघत होते. निळा कुठेतरी आत, घड्यांत गेला होता. तो उलगडत गेला आणि मुलगी गप्प झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले गर्द निळे. १९९२ चा फिका पट्टा. १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढे वर्ष-दोन वर्षं पृथ्वी जराशी निवली, ती तिथे बोटाला लागते. मग १९९८. त्या वेळी ते नोंदींतलं सगळ्यात गरम वर्ष होतं. माप बदललं असतं तर ते गुलाबीकडे गेलं असतं. त्या वर्षी माणसं घाबरली होती आणि त्यांची भीती खरी होती. ती मी कशी फिकी करू?

कलाकार ओलाफुर एलिआसन यांनी २०१५ च्या हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसमध्ये ग्रीनलंडच्या बर्फाचे बारा मोठे तुकडे घड्याळासारखे गोलात मांडले. बर्फ आपली साक्ष आपणच देतो, वितळतो. लोकर वितळत नाही. आकड्यांवर काम करणाऱ्यांना हिशेब स्वतः राखावा लागतो. चित्रकार जिल पेल्टो हिमनद्यांच्या घटत्या वस्तुमानाचा आलेख जलरंगात हिमनदीची कड म्हणून रंगवते. चित्र छान दिसावं म्हणून ती रेघ वर उचलली तर चित्रात उरेल काय?

तेव्हा सतरावा रंग. लालाच्या पुढचा लाल.

मंजिष्ठ नुसती वाढवून भागत नाही. पाणी तापवत नेलं तरी नाही. ७० अंशांच्या वर गेलं की लालात तपकिरी शिरतो आणि तेज जातं. लालावर निळीचा हात दिला तर सुरेख जांभळट गर्द येतो. छोट्या लडीवर करून पाहिलं, मोहात पाडणारा आला. पण या कापडात निळा म्हणजे थंडी. सगळ्यात गरम वर्षात थंडीचा रंग मिसळायला हात धजेना.

उरला हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. लोकरीच्या वजनाच्या २ टक्के, गरम पाण्यात विरघळवून पातेल्यात. लाल लडी आत सोडली आणि डोळ्यांदेखत ती काळवंडली; आधी विटेसारखी, मग सुकलेल्या रक्तासारखी. मुलीने काठीने उचलून धरली. पाणी निथळलं तरी रंग तसाच.

हिराकसाची किंमत मला ठाऊक आहे. लोखंडाने लोकर कडक होते आणि काळाने तुटते. जुन्या विणलेल्या चित्रांत गर्द तपकिरी आणि काळे भाग आधी झडलेले असतात, ते यामुळेच. म्हणजे हे कापड विरायला लागेल तेव्हा आधी २०२३ आणि २०२४ गळतील. तरीही तोच रंग ठरवला, वहीत प्रमाण लिहिलं आणि संस्थेला फोन करून सांगितलं. पलीकडचा माणूस बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बरं.

संध्याकाळी नमुन्याची लडी दोरीवर वाळत होती. दोन्ही वर्षं माझ्या मापात एकाच पायरीत बसत होती आणि एका पट्टीला एक लडी लागते. मुलगी मोठं पातेलं घासून घेऊन आली.

"ताई, उद्यासाठी किती भिजवू? दोन ना?"

मी आठ सांगितल्या. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मोजून आठ लड्या पाण्यात सोडल्या.