तुम्ही विचारलंत म्हणून: बदक का पडलं नाही

"जुने व्हिडिओ गेम आजच्या गेमपुढे टिकतात का हो?" ऑफिसात, लग्नात, जिन्यात गाठून हेच विचारता आणि मी 'हो' म्हटलं की हसता. तर ऐका.

मारिओ टिकतो. 1985चा गेम, अवघा 40 किलोबाइटचा. ढग आणि झुडूप एकाच चित्राचे, फक्त रंग वेगळा. तरी उडी मारल्यावर त्याला हवेतच जरा मागे खेचता येतं, आणि ती उडी आजही बोटांना पटते. रणगाड्यांचा 'बॅटल सिटी'ही टिकतो. चुकून जोडीदाराला गोळी लागली की तो जागीच खिळतो, आणि मग शेजारी बसलेल्याशी जे भांडण होतं ते हेडफोन लावून होत नाही.

'डक हंट'चं, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीने पडद्यावरची बदकं टिपायच्या गेमचं, मात्र खरं सांगतो. गेल्या दिवाळीत माळ्यावरून जुना गेम, बंदूक, सगळं काढलं. भाचा अकरा वर्षांचा. आठवडाभर त्याला ऐकवत होतो, खरा गेम काय असतो ते बघच. एलईडी टीव्हीला एव्ही केबल जोडली, कुत्र्याने गवतात उडी घेतली, बदक उडालं. त्याने नेम धरला. लागला नाही. पुन्हा नाही. बंदूक पडद्याला टेकवून झाडली, तरी नाही. कुत्रा गवतातून वर येऊन हसला. "मामा, हे बिघडलंय." मी ओरडलो त्याच्यावर. तुला धरताच येत नाही म्हणालो. मग बंदूक स्वतः घेतली, तर माझंही एक बदक पडेना. तो काही न बोलता आत निघून गेला.

रात्री शोधत बसलो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड हेरते. जुन्या, पिक्चर ट्यूबच्या डबा टीव्हीवर तो लगेच दिसायचा. नव्या टीव्हीवर किंचित उशिरा येतो, तोवर गेमने नेम चुकल्याचं ठरवलेलं असतं. म्हणजे बंदूकही ठीक होती आणि पोरगंही. डबा टीव्ही भंगारवाल्याला मीच उचलून दिला होता.

पूर्वी मी म्हणायचो, जुने गेम अवघड म्हणून चांगले. मारिओत सेव्ह, म्हणजे थांबलो तिथून पुढे खेळायची सोय, नव्हतं, आठव्या जगात लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्याला मी जिद्द म्हणायचो. आता दमून घरी आल्यावर मलाही सेव्ह लागतं, हे कबूल. तरी 'टिकत नाहीत' म्हणायला जीभ रेटत नाही.

भाचा मे महिन्यात येतोय. कुणाकडे चालू डबा टीव्ही असेल तर कळवा, चौदा इंचीही चालेल.