एअर फ्रायरमधले वेफर्स: आता सगळं लक्ष बटाट्यावर

एअर फ्रायरमध्ये, म्हणजे गरम वाऱ्यावर भाजणाऱ्या मशीनमध्ये, बटाट्याचे वेफर्स करताना तापमान किती ठेवायचं हा प्रश्न माझ्यापुरता मिटलाय. १६० अंशांवर दहाएक मिनिटं, मधे दोनदा हलवायचं, मग १२० वर आणून उरलेली ओल काढायची. चकत्या साधारण दीड मिलिमीटरच्या. त्याहून पातळ गेल्या की कोरड्या होताच पंख्याच्या वाऱ्यानं उडतात आणि वरच्या कॉइलला चिकटून करपतात. त्यामुळे आता वर जाळीचा स्टँड उपडा घालतो. मशीनबद्दल एवढंच.

खरी गंमत बटाट्यात आहे. आपल्या बेळगाव तालुक्यात तांबड्या मातीत पावसाळी बटाटा होतो, हंगामात बाजारात ढीग लागतात. पण भाजीला उत्तम तो वेफर्सला उत्तम असं नाही. विकणारी मावशी कौतुकानं सांगते, "घ्या की वो, नव्या काढणीचा हाय, साल नखानं निघतंय बघा." रस्सा करायचा तर दोन किलो घ्यावा. वेफर्सला मात्र तो नको. साल नखानं निघते म्हणजे बटाटा अजून कोवळा, पाणी जास्त, स्टार्च कमी. साल घट्ट बसलेला, हाताला जड लागणारा शोधायचा.

दुसरं टोक कोल्ड स्टोरेजचं. तीन-चार अंशांत राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते. चकती कुरकुरीत व्हायच्या आधीच लाल-तपकिरी होते आणि चव कडवट लागते, मग तुम्ही तापमान कितीही खालीवर करा. २००२ साली स्वीडनच्या संशोधकांनी तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन अ‍ॅक्रिलामाइड सापडल्याचं जाहीर केलं, तेही याच साखरेमुळे वाढतं. म्हणून मी सोनेरी पिवळ्यावरच थांबतो. कोल्ड स्टोरेजचे बटाटे हाती आले तर अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात दोन आठवडे पसरून ठेवायचे, बरीच साखर उतरते. घरच्या फ्रिजमध्ये तर ठेवूच नयेत. वेफर्ससाठी कुफरी चिप्सोना ही वेगळी जात काढली ती याचसाठी: साखर कमी, घट्टपणा जास्त. आपल्याकडे बहुतेक कुफरी ज्योतीच मिळतो, त्यात निवडून घ्यावं लागतं.

निवडायला मिठाचं पाणी. एक वाटी मीठ, अकरा वाट्या पाणी, नीट विरघळवून त्यात बटाटे सोडायचे. तळाशी बसले ते वेफर्सचे, तरंगले ते भाजीचे. घरात हसले सगळे, पण एकाच पिशवीतले बटाटे वेगळे वागलेले पाहून गप्प झाले.

पुढचं नेहमीचं. चकत्या पाण्यात, पाणी निवळेपर्यंत दोन-तीनदा बदलायचं. साखरेचा संशय असेल तर मिनिटभर गरम पाण्यातून काढायच्या. मग सुती पंचावर पसरून टिपायच्या, आणि इथे आळस नको. दोन बटाट्यांना एक चमचा शेंगतेल हातानं चोळायचं. मीठ शेवटी. किंचित वाकतायत तोवर बाहेर काढा, गार होताना कडक होतात.

तेलातल्या वेफर्सची सर येते का? नाही. तळताना पाण्याची जागा तेल घेतं. पाकिटातल्या वेफर्समध्ये साधारण एक तृतीयांश वजन तेलाचंच असतं, आणि ती खुसखुस त्याची. आपला वेफर पापडासारखा कडक मोडतो. मला आवडतो. आमच्या आईला नाही. पावसात मात्र ताटलीत ठेवून गप्पा मारत बसू नका, इथल्या दमट हवेत अर्ध्या तासात मऊ पडतो. गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात.

सध्या रताळ्यांच्या मागे लागलोय. बेळगावची रताळी असताना बटाट्यावरच का थांबायचं? पण त्यात साखर मुळातच भरपूर, १६० अंशांना कडा काळ्या आणि मधे चिवट. १३० वर जास्त वेळ दिला तर रंग टिकतो, कुरकुरीतपणा काठापुरताच येतो. गरम पाण्यातून काढून पाहणं बाकी आहे. कुणी केलं असेल तर चकतीची जाडी नक्की सांगा.