तुम्ही विचारलंत म्हणून: माणसांचे आजार आणि मॅडमचे जंत

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मुलीच्या प्रवेशासाठी आलेले पालक असोत की गणपतीत भेटणारे नातेवाईक, सगळे एकच विचारतात: "अभ्यास माणसाच्या आजारांचा करायचा, तर मग जंत कशाला पाळता?" प्रश्न रास्त आहे. म्हणून एकदा नीट उत्तर देते.

आमचा जंत पोटातला नाही. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स, रोजच्या बोलण्यात सी. एलेगन्स, हा कुजणाऱ्या फळापानांत राहून जिवाणू खाणारा सूत्रकृमी. लांबी जेमतेम 1 मिलिमीटर, कोणाच्या अंगात शिरत नाही. बहुतेक जंत उभयलिंगी, त्यामुळे एकट्या जंताला 300 च्या आसपास पिल्लं होतात, आणि 20 अंशांवर साधारण चार दिवसांत पुढची पिढी अंडी घालू लागते. ही झाली सोय. पण नुसत्या सोयीसाठी कोणी त्याच्यामागे आयुष्य घालवत नाही.

त्याचं शरीर आरपार दिसतं आणि त्यातल्या पेशी मोजून ठरलेल्या आहेत. प्रजननपेशी सोडल्या तर प्रौढ उभयलिंगी जंतात 959 पेशी, त्यांतल्या 302 चेतापेशी. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी 1960 च्या दशकात केंब्रिजमध्ये हा प्राणी निवडला. पुढे जॉन सल्स्टन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आणि फलित अंड्यापासून कोणती पेशी कोणापासून झाली, ही सगळी वंशावळ त्यांनी सहकाऱ्यांसह 1983 पर्यंत पुरी केली. आपल्याकडे कुळवृत्तांत छापणारी घराणी कमी नाहीत, पण त्यांतही एखादी शाखा कुठेतरी निसटतेच. इथे एकही निसटलेली नाही.

त्या वंशावळीतून जे दिसलं ते मला आजही विलक्षण वाटतं. जंत वाढताना 1090 पेशी तयार होतात आणि त्यांतल्या 131 मरतात. प्रत्येक जंतात त्याच 131, आपापल्या ठरलेल्या वेळी. कोणती पेशी कधी मरणार हे आधीच ठाऊक असलं की ती न मेलेला जंत हुडकता येतो, आणि त्याचं कोणतं जनुक बिघडलंय तेही. रॉबर्ट हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेत अशीच ही जनुकं सापडली. त्यांतलं सेड-9 पेशीला मरणापासून वाचवतं. माणसातलं बीसीएल-2 हे जनुक त्याच्याच गोत्रातलं. लिम्फोमा नावाच्या काही कॅन्सरांत ते नको इतकं काम करतं आणि मरायला हवी ती पेशी मरत नाही. माणसाचं हे जनुक जंतात घातलं, तर तिथल्याही पेशी मरायच्या राहतात! बीसीएल-2 ला रोखणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध 2016 पासून रक्ताच्या कॅन्सरवर वापरात आहे. त्याचं सगळं श्रेय जंताला देणं चूक ठरेल, कारण बीसीएल-2 माणसाच्या कॅन्सरमध्येच सापडलं होतं. पण पेशीचं मरण जनुकं घडवून आणतात आणि त्यांत कोण कोणाला हुकूम देतं, हे उलगडलं जंतात. ब्रेनर, सल्स्टन आणि हॉरविट्झ यांना 2002 चं नोबेल मिळालं.

याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर शाळेत मुलांना देतात ती जंताची गोळी घ्या. त्यातलं अल्बेंडाझोल जंताच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. बेन-1 नावाचं ट्युब्युलिनचं जनुक बिघडलेला सी. एलेगन्स या कुळातल्या औषधांना दाद देत नाही, हे 1989 मध्ये दाखवलं गेलं. शेळ्यामेंढ्यांच्या पोटातले जंत या औषधांना जुमानेनासे होतात, तेव्हाही ट्युब्युलिनची जनुकंच तपासली जातात. पोटातला जंत जनावराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या पोसणं अतिशय अवघड. हा प्लेटवर सुखाने वाढतो.

त्याला हृदय नाही, रक्त नाही, हाडं नाहीत. त्यांचे आजार त्याच्यात शोधू नयेत.

कोकणात त्याला सांभाळणं मात्र कष्टाचं आहे. 25 अंशांच्या वर पारा गेला की त्याची पिलावळ घटते, आणखी थोडा चढला की थांबतेच. म्हणून एप्रिल-मेमध्ये गार इन्क्युबेटरवर आमचा जीव टांगलेला असतो, आणि पावसात वीज गेली की प्लेटा बर्फाच्या पेटीत हलवायच्या. बुरशीशी झुंज तर कायमचीच.

त्याच उन्हाळ्यात मी माझ्या विद्यार्थिनींना काजूच्या बागेत पाठवते. कुजका बोंडू अगार या जेलीच्या प्लेटवर ठेवला की बहुतेक वेळा सूत्रकृमी बाहेर सरपटू लागतात. ते सी. एलेगन्स असतीलच असं नाही. त्याचा एक भाऊबंद आहे, सी. ब्रिग्सी. जगभर वापरला जाणारा त्याचा वाण अहमदाबादच्या मातीतून घेतलेला आहे आणि तो उष्मा अधिक सोसतो. बोंडूतल्या जंतांपैकी कोणाची प्रजा 30 अंशांत वाढते, हे माझ्या मुली सध्या तपासताहेत. ती का वाढते हे शोधायचं, तर तुलनेला शेजारच्या प्लेटमध्ये सी. एलेगन्स लागणारच.