नारळ गोल दिसेपर्यंत

यंदा कानबाई, म्हणजे आम्हा खानदेशींची श्रावणात घरी बसणारी देवी, बसली सुरतला, काकांकडे. आजीचे गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत, त्यामुळे ती पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावीच राहिली. श्रावणातल्या त्या रविवारी भाऊबंदकीतली सगळी माणसं तिकडे रोट खात होती आणि ही इकडे दर तासाला फोन करून विचारत होती, आरती झाली का, गाणी कोण म्हणतंय. चुलतभावाने पूर्ण स्थापना आणि सोमवारचं विसर्जन मोबाईलवर टिपलं आणि लिंक पाठवली. जळगावला बसून मी अकरा फाईल उतरवून घेतल्या. एकूण दोन तास दहा मिनिटं.

मोबाईलवर आजीला काही दिसत नाही. तिच्याकडे जुना डब्बा टीव्ही आणि त्याला जोडलेला डीव्हीडी प्लेअर आहे. सीडी घालायची, रिमोटचं हिरवं बटण दाबायचं, एवढं तिला पक्कं येतं.

प्लेअरला यूएसबीचं भोक होतं, म्हणून आधी फाईली सरळ पेनड्राइव्हवर टाकून नेल्या. एकही वाजली नाही. मग मी शहाणपणा केला. नावाच्या शेवटचं एमपी4 खोडून तिथे एव्हीआय लिहिलं. आता यादीत नावं दिसायला लागली, पण प्ले दाबलं की प्लेअर मख्ख. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली डाळ बदलत नाही, हे कळायला एक संध्याकाळ गेली. शेवटी मीडियाइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये फाईल उघडली तेव्हा आतला माल दिसला: चित्र एच.264, आकार 1920 बाय 1080, आवाज एएसी. प्लेअरच्या तोंडावर डिव्हएक्सचा, म्हणजे व्हिडिओ दाबून ठेवण्याच्या एका जुन्या पद्धतीचा, शिक्का होता. म्हणजे त्याला जुन्या पद्धतीचं, लहान आकाराचं चित्र आणि एमपी3 आवाज लागत होता.

तसं करून दिलं आणि ते चाललंसुद्धा. पण पेनड्राइव्हवरच्या यादीतून फाईल निवडणं आजीला जमेना, आणि मराठीत दिलेली नावं पडद्यावर नुसत्या चौकोनांची रांग होऊन आली. तेव्हा ठरवलं, खरीखुरी डीव्हीडीच करायची.

खऱ्या डीव्हीडीचे नियम जुने आणि कडक. चित्र एमपेग-2 या जुन्या पद्धतीचं, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत 720 बाय 576, सेकंदाला 25 चित्रं. आवाज 48 किलोहर्ट्झचा. हे सगळं व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये ठरावीक फाईलींत बसलेलं असावं लागतं. चकतीवर 4.7 जीबी लिहिलेलं असतं, पण विंडोजवाला कॉम्प्युटर तीच जागा 4.38 दाखवतो. दोन तास दहा मिनिटं त्यात बसवायची तर आवाज धरून सेकंदाला साधारण 4.8 मेगाबिट वाट्याला येतात. त्यापेक्षा जास्त दिलं की शेवटचं विसर्जन चकतीबाहेर.

व्हिडिओचं रूप बदलणाऱ्या हँडब्रेक या फुकट प्रोग्रॅमचं नाव खूप ऐकलं होतं, पण तो डीव्हीडी बनवत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तरी तो कामाला आला. मोबाईलचा व्हिडिओ एका वेगाने चालत नाही. उजेड कमी झाला की सेकंदाला चित्रं कमी होतात. पहिल्या चाचणीत टाळी आधी दिसायची आणि तिचा आवाज मागून यायचा. हँडब्रेकमधून सगळ्या फाईली स्थिर 25 वर आणल्या तेव्हा ते मिटलं. पुढचं, डीव्हीडी बांधायचं काम डीव्हीडीस्टायलरने केलं, तोही फुकट. माझ्या जुन्या लॅपटॉपला पूर्ण रात्र लागली. मध्ये दोनदा वीज गेली. बॅटरी तग धरून राहिली, यात माझी काही हुशारी नाही.

चकत्या गोलाणी मार्केटमधून आणल्या, एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आर, आणि त्या 4एक्सच्या संथ वेगाने जाळल्या, म्हणजे त्यांवर फाईली लिहिल्या. पहिली वाया गेली: फोल्डर साध्या डेटासारखं दुसऱ्या फोल्डरात टाकून जाळलं होतं, प्लेअरला काय शोधायचं तेच कळेना. दुसरी लागली. आजी पुढे सरकून बसली. गाणं सुरू झालं, कानबाई दिसली, आणि आजी अहिराणीत म्हणाली,

"हाई मन्ही कानबाई नही शे."

मी म्हटलं, "आजी, तीच आहे गं. काकांच्याच घरची."

"मंग तोंड असं लांबुळकं काब्र?"

आणि खरंच. कानबाई म्हणजे नारळ; त्याला डोळे, नथ, दागिने चढवलेले. तो नारळ काकडीसारखा उभा ताणला गेला होता. माणसं ताणली गेली तर एवढं जाणवत नाही, सगळे जरा वाळल्यासारखे दिसतात इतकंच. नारळाने मात्र चोरी पकडली. रुंद 16:9 चं चित्र मी चौकोनी 4:3 म्हणून शिक्का मारून जाळलं होतं. परत येऊन डीव्हीडीस्टायलरमध्ये 16:9 केलं, आणि यावेळी पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू चकतीवर फक्त दोन मिनिटांचा तुकडा जाळून नेला. तरी नारळ गोल होईना. मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथे टीव्हीचा आकार 16:9 ठेवलेला होता, आजीचा टीव्ही तर चौकोनी! 4:3 लेटरबॉक्स केल्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि मधे नारळ गोल झाला. हे सेटिंग पहिल्या दिवशीच उघडायला हवं होतं.

काळ्या पट्ट्यांबद्दल आजीने विचारलं नाही. पूर्ण चकती जाळून नेली तेव्हा तिने दोन तास दहा मिनिटं एका जागी बसून पाहिलं. विसर्जनाला डोक्यावर कानबाई घेऊन निघालेली बाई कोण, एवढं विचारायला तिने मला तीनदा मागे घ्यायला लावलं. मला ती ओळखू आली नाही. आजीला आली, ती तिच्या माहेरची निघाली.

आता भाऊबंदकीतल्या सहा घरांची मागणी आली आहे. दोघांकडे डीव्हीडी प्लेअरच नाही, तरी त्यांना सीडी हवी आहे.